फुटपाथवरच्या भाड्याच्या स्कूटरी आणि सायकली: वाट मोकळी कशी करायची

इथे स्कूटर म्हणजे उभ्याने चालवायची, लहान चाकांची ई-स्कूटर. ॲपने कोड स्कॅन करायचा, मिनिटांच्या हिशेबाने पैसे द्यायचे आणि पोचलं की तिथेच सोडून निघून जायचं. ठाण्याशिवायच्या, म्हणजे ठरलेल्या जागी परत न्याव्या न लागणाऱ्या, भाड्याच्या सायकलींचंही असंच चालतं. या सेवेची सगळी सोय ‘तिथेच सोडून’ या दोन शब्दांत आहे आणि फुटपाथवरचा पसाराही तिथूनच सुरू होतो. जिथे फेरी संपते त्याच्या जवळपास गाडी उभी करायला आखलेली जागा नसेल, तर माणूस कितीही शिस्तीचा असला तरी गाडी चालणाऱ्यांच्या वाटेतच येते. त्यामुळे पुढच्या सूचनांपैकी सगळ्यात जास्त वजन जागा आखण्याला आहे. पण जागा आखून होईपर्यंत रोजचं चालणं थांबत नाही, म्हणून सुरुवात रोजच्या कामांपासून.

आधी टेप घ्या

‘गाडी आडवी येते’ ही तक्रार मोजमापाशिवाय टिकत नाही. चार आकडे लक्षात ठेवा. व्हीलचेअर एखाद्या चिंचोळ्या जागेतून जेमतेम जायला ९० सेंटिमीटर लागतात. व्हीलचेअर आणि शेजारून चालणारा माणूस यांना साधारण १.२ मीटर, व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला १.५ मीटर आणि दोन व्हीलचेअर समोरासमोरून जायला १.८ मीटर.

आता गाड्यांची मापं. स्कूटर साधारण १.१ ते १.२ मीटर लांब असते, हँडल ५० ते ६० सेंटिमीटर रुंद. सायकल १.८ मीटर लांब, हँडल ६० ते ७० सेंटिमीटर. दोन मीटरच्या फुटपाथवर स्कूटर रुंदीच्या दिशेने आडवी लावली तर ८० सेंटिमीटर उरतात, म्हणजे व्हीलचेअरसाठी वाट बंद. तीच स्कूटर रस्त्याकडच्या कडेला समांतर लावली तर १.४ मीटर उरतात. सायकल आडवी लावली तर २० सेंटिमीटर उरतात, तिथून कुणीच जात नाही. गाडी तीच, फुटपाथ तोच, फक्त दिशा बदलली.

अंध व्यक्तीच्या दृष्टीने हिशेब आणखी वेगळा आहे. पांढरी काठी जमिनीलगत फिरते. स्कूटरचं हँडल एक मीटरच्या वर असतं आणि बाजूला बाहेर आलेलं असतं; काठी त्याच्या खालून निघून जाते आणि हँडल थेट पोटात किंवा बरगडीत लागतं. आडव्या पडलेल्या स्कूटरवर काठी आपटते खरी, पण तोवर पाय जवळ पोचलेला असतो, आणि काठी चाकाच्या किंवा खांबाच्या फटीत अडकते. शिवाय काठी वापरणारे अनेक जण इमारतीच्या भिंतीच्या रेषेने चालतात. भिंत हाच त्यांचा मार्गदर्शक. ‘बाजूला लावली’ असं समजून लोक गाडी नेमकी भिंतीला टेकवतात आणि त्यांची वाट मोडतात. भिंतीपासून गाडी दूरच ठेवायची, हा नियम फार कमी जणांना माहीत असतो.

गाडी वापरणाऱ्यांसाठी

पोचायच्या आधी, फेरीच्या मध्येच कुठेतरी थांबून ॲपच्या नकाशावर जवळचा पार्किंगचा चौकोन बघून ठेवा. दारात पोचल्यावर शोधायला लागलात की शंभर मीटर मागे जायचा कंटाळा येतो आणि गाडी दारातच राहते.

फुटपाथ लागायच्या आधी उतरा आणि गाडी हाताने ढकलत न्या.

आखलेला चौकोन असेल तर त्यातच लावा, आणि आधीच्या गाड्या ज्या दिशेने तोंड करून उभ्या आहेत त्याच दिशेने. चौकोन नसेल आणि तिथे फुटपाथवर लावायला परवानगी असेल, तर दिव्याचे खांब, झाडं आणि फलक ज्या पट्ट्यात आहेत त्या पट्ट्यात, रस्त्याच्या कडेला समांतर. चालणारे त्या पट्ट्यातून तसेही जात नाहीत. स्वीडनमध्ये १ सप्टेंबर २०२२ पासून आखलेल्या जागेशिवाय फुटपाथवर ई-स्कूटर लावायला बंदीच आहे, तेव्हा आपल्या शहराचा नियम ॲपमध्ये एकदा वाचून घ्या.

या जागा कायम वर्ज्य: फुटपाथवरून रस्त्यावर उतरायचे उतार, अंधांसाठीच्या उंचवट्यांच्या फरशा, बसथांब्यावर चढ-उतार होते तो भाग, जिन्याचं आणि लिफ्टचं तोंड, अग्निशमनाचा नळ, इमारतीचं दार, रस्ता ओलांडायच्या सिग्नलचं बटण असलेला खांब. शेवटच्याकडे खास लक्ष द्या. तो खांब मजबूत असतो, म्हणून लोक गाडी तिथेच टेकवतात आणि मग व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात बटणापर्यंत पोचत नाही.

स्टँडचं काम नीट समजून घ्या, कारण पडलेल्या गाड्यांपैकी पुष्कळशा चुकीच्या स्टँडमुळे पडतात. बहुतेक स्कूटरींचं स्टँड डावीकडे असतं आणि मिटताना मागे जातं. गाडी पुढे सरकली की स्टँड आपोआप मिटू लागतं. म्हणून उतारावर गाडीचं तोंड चढाकडे ठेवायचं. स्टँड शेवटपर्यंत पुढे ढकलायचं, अर्धवट राहू द्यायचं नाही. जमीन स्टँडच्या विरुद्ध बाजूला उतरती असेल तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने पलीकडे पडते. तेव्हा तिचं तोंड फिरवा. हँडल स्टँडच्या बाजूला वळवलं की गाडी जास्त स्थिर राहते. ओल्या मातीत, वाळूत, उन्हाने मऊ झालेल्या डांबरात स्टँडचं टोक रुतत जातं आणि गाडी तासाभराने, कुणी हात न लावता, आडवी होते. लावून झाल्यावर हँडलला हलका धक्का देऊन बघा. डगमगली तर जागा बदला.

ओळीत लावताना दोन गाड्यांमध्ये हँडलं एकमेकांना लागणार नाहीत एवढं अंतर सोडा. एकमेकींत अडकलेल्या ओळीतली एक पडली की सगळी ओळ झोपते.

काही गाड्यांना खांबाला किंवा रॅकला अडकवायची केबल असते. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांनी ती परवान्यातच सक्तीची केली. याचा मोठा फायदा असा की बांधलेली गाडी सहसा आडवी पडत नाही. पण केबल उताराच्या कठड्याला, जिन्याच्या रेलिंगला किंवा कोवळ्या झाडाला बांधू नका. कठडा हा कुणाच्या तरी हाताचा आधार आहे.

फेरी संपवताना ॲप मागतं तो शेवटचा फोटो दोन-तीन मीटर मागे जाऊन काढा. दोन्ही चाकं, स्टँड, जमीन आणि फुटपाथची कड एकाच फोटोत यायला हवी. जवळून काढलेल्या फोटोत गाडी सुंदर दिसते आणि तिने वाट अडवली आहे का हे कळतच नाही. हाच फोटो स्वतःच्या फोनमध्येही ठेवा. नंतर कुणी गाडी पाडली किंवा सरकवली तर दंड शेवटच्या वापरणाऱ्याकडे येऊ शकतो आणि तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो.

चौकोनात उभे असूनही ॲप ‘इथे फेरी संपवता येत नाही’ म्हणत असेल, तर बहुधा जीपीएस चुकतंय. उंच इमारतीपासून किंवा छपरापासून चार पावलं मोकळ्या आकाशाखाली या, अर्धा मिनिट थांबा, फोनचं ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करा. तरीही नाही जमलं तर स्क्रीनशॉट घ्या आणि ॲपमधून मदत मागा. चिडून गाडी तशीच टाकून गेलात तर मिनिटांचा हिशेब चालूच राहतो.

पडलेली गाडी दिसली तर

आधी दुरून बघा. बॅटरीच्या भागातून धूर, सीं-सीं आवाज, गोडसर किंवा रसायनाचा उग्र वास येत असेल, भाग फुगलेला किंवा गरम वाटत असेल, तर हात लावू नका. लोकांना दूर करा आणि अग्निशमन दलाला कळवा. पाण्यात बुडालेली किंवा पाण्यातून काढलेली गाडीही याच गटातली. लिथियम बॅटरीत पाणी शिरलं की ती बऱ्याच वेळाने, अगदी अचानक पेटू शकते.

असं काही नसेल तर उचलायला हरकत नाही, पण ती हलकी नसते. भाड्याच्या स्कूटरी बळकट बनवलेल्या असतात. २५ ते ३५ किलो सहज. ई-सायकल त्याहूनही जड. पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत वाका, एक हात हँडलच्या मधल्या दांड्याला, दुसरा पायपट्टीच्या कडेला. आधी उभी करा, मग स्टँड लावा, मगच सरकवायचा विचार करा. कुलूपबंद गाडीचं मोटर असलेलं चाक फिरायला विरोध करतं. ते चाक थोडं उचललं की गाडी दुसऱ्या चाकावर ढकलता येते. अलार्म वाजेल. त्याने घाबरायचं कारण नाही, तो चोरीसाठी असतो आणि थोड्या वेळाने थांबतो. पाठीचा त्रास असेल तर उचलू नका, नुसती तक्रार नोंदवा. तेवढंही पुरेसं काम आहे.

सरकवायची ती फक्त वाट मोकळी होईल इतकीच, एक-दोन मीटर, खांबांच्या पट्ट्यात. रस्त्यावर उतरवू नका. तिथे अंधारात दुचाकीवाल्याला ती दिसणार नाही. केबल कापणं, बॅटरी काढणं, कोड खरडणं हे सगळं टाळा. कोड गेला की ती गाडी कुणालाच वापरता येत नाही आणि आठवडेच्या आठवडे तिथेच पडून राहते.

तक्रारीत या गोष्टी असू द्या: गाडीवरचा क्रमांक, नेमकी जागा (दुकानाचं किंवा घराचं दार, खांबाचा क्रमांक), वेळ, दुरून काढलेला एक फोटो आणि उरलेली रुंदी सेंटिमीटरमध्ये. फोटोत लोकांचे चेहरे येऊ देऊ नका. तक्रार कंपनीकडे आणि पालिकेकडे, दोन्हीकडे करा. कंपनी गाडी हलवते, पण परवाना नूतनीकरणाच्या वेळी टेबलावर येतात त्या पालिकेकडच्या नोंदी. नुसत्या कंपनीकडे केलेल्या शंभर तक्रारी पालिकेच्या दृष्टीने शून्य असू शकतात.

आठवड्याची मोजणी

वस्तीत जागा आखून घ्यायची असेल तर आधी कागद तयार करा. २०० मीटरचा एक तुकडा निवडा. कामाच्या एका दिवशी आणि सुट्टीच्या एका दिवशी, सकाळी, दुपारी आणि रात्री, अशा सहा फेऱ्या मारा. दर वेळी तीन गोष्टी लिहा: किती गाड्या, कुठे, आणि कशा (सरळ, वाटेत, आडव्या पडलेल्या). सहा फेऱ्यांनंतर नकाशावर ठिपके काढले की दोन-तीन जागा गच्च भरलेल्या दिसतील. स्टेशनचं दार, कॉलेजचं फाटक, मोठा चौक. पसारा सगळीकडे सारखा नसतोच, आणि म्हणून उपाय सगळीकडे करावा लागत नाही.

एक फेरी पहाटे मारा. एकाच जागी नेटक्या ओळीत आठ-दहा गाड्या दिसल्या तर त्या वापरणाऱ्यांनी ठेवलेल्या नाहीत. कंपनीच्या टेंपोने रात्री चार्ज करून तिथे उतरवल्या आहेत. हा दोष वापरणाऱ्यांना कितीही समजावून सुटणार नाही. तो परवान्याच्या अटीतच सोडवावा लागतो.

अनेक शहरांत या गाड्यांची जिवंत माहिती खुली असते. जीबीएफएस नावाच्या ठरावीक साच्यात कोणती मोकळी गाडी कुठे आहे हे कुणालाही वाचता येतं. वस्तीत संगणकाचं काम जाणणारं कुणी असेल तर आठवडाभराचा नकाशा घरबसल्या निघतो. पण गाडी उभी आहे की पडलेली आहे हे त्यात भरवशाने कळत नाही. त्यासाठी पायीच जावं लागतं.

चौकोन कुठे आणि किती मोठा

जागा फुटपाथमधून काढू नका, रस्त्यातून काढा. हा आमचा सगळ्यात ठाम सल्ला आहे. एका मोटारीच्या पार्किंगची जागा साधारण ५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद. स्कूटरी काटकोनात, दर अर्ध्या मीटरला एक लावल्या तर त्यात १० बसतात. सायकली दर ६५ सेंटिमीटरला एक, म्हणजे सात. एकाच्या जागेत सात-दहा जणांची सोय होते आणि फुटपाथ मोकळा राहतो.

त्यातही उत्तम जागा म्हणजे रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांच्या आधीचे पाच-सहा मीटर. तिथे मोटार उभी राहिली की तिच्या आडून निघणारं मूल चालकाला दिसत नाही, म्हणून अनेक देशांत तिथे मोटार लावायला मनाईच असते. पण मनाईचा फलक असूनही मोटारी लागतात. तिथे स्कूटरींचा चौकोन आखला की जागा अडते आणि स्कूटर बुटकी असल्याने नजर आरपार जाते. एकाच रंगकामात दोन प्रश्न सुटतात.

आखताना:

– कडेला टिकाऊ पट्टी मारा (गरम करून बसवायचं प्लास्टिकचं रंगद्रव्य साध्या रंगापेक्षा बरंच जास्त टिकतं) आणि जमिनीवर गाडीचं चित्र काढा.
– वाहतुकीकडच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि त्यांच्या मध्ये वाकणारे खांब बसवा. नुसत्या पट्ट्यांच्या चौकोनात आठवड्याभरात मोटार घुसते.
– खांबांमधली फट १.२ ते १.५ मीटर ठेवा. मोटार जात नाही, स्कूटर-सायकल जाते. मोटरसायकलीही मात्र जातात. तो त्रास असेल तर आत उलट्या यू आकाराचे रॅक बसवा, एकमेकांपासून ७५ ते ९० सेंटिमीटरवर.
– गटाराच्या जाळीवर आणि पाणी साचणाऱ्या खळग्यात चौकोन नको. स्टँड जाळीत अडकतं आणि साचलेल्या पाण्यात कुणी उतरत नाही, मग गाड्या पुन्हा फुटपाथवर.
– कचऱ्याची गाडी आणि अग्निशमनाची गाडी कुठे थांबते ते त्या खात्यांना आधी विचारा. नंतर उखडलेला चौकोन पुन्हा मिळत नाही.

चौकोन एकमेकांपासून किती दूर? दाट वस्तीत १०० ते २०० मीटर. त्याहून लांब गेले की लोक नियम पाळत नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ठाण्यांच्या सायकल सेवेत प्रत्येक सायकलीमागे दोन ते अडीच खाचा (सायकल अडकवायच्या जागा) ठेवायची पद्धत आहे, कारण सकाळी सगळ्या एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला जातात. चौकोनांचा हिशेबही तसाच करा. गाड्या असतील तेवढ्याच जागा दिल्या तर स्टेशनजवळचा चौकोन सकाळीच भरून वाहतो. पॅरिसने तीन कंपन्यांच्या मिळून १५,००० स्कूटरींसाठी सुमारे २,५०० जागी असे चौकोन आखले होते.

नकाशातल्या रेषा का चुकतात

कंपन्या सांगतात की फेरी कुठे संपवता येईल याची सीमा ॲपमध्ये आखली की प्रश्न सुटला. मोकळ्या आकाशाखाली जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर असते. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि चूक दहापट होऊ शकते. फुटपाथ दोन मीटरचा. म्हणजे गाडी फुटपाथवर आहे, रस्त्यावर आहे की समोरच्या फुटपाथवर, हे नुसत्या जीपीएसला सांगता येत नाही. सीमा अगदी चौकोनाएवढी आखली तर योग्य जागी उभ्या माणसाचीही फेरी संपत नाही. ती ३० मीटर आखली तर पलीकडच्या फुटपाथवरही चालते. मध्यम मार्ग असा: सीमा चौकोनाभोवती १० ते १५ मीटर, जमिनीवर ठळक पट्ट्या, आणि शेवटच्या फोटोची खरी तपासणी. गर्दीच्या मोजक्या जागी चौकोनातच ब्लूटूथचं छोटं यंत्र बसवता येतं, किंवा आजूबाजूच्या इमारतींचं चित्र कॅमेऱ्याने ओळखून जागा ठरवणारी पद्धत वापरता येते. जमिनीवर पट्टीच नसेल तर यातल्या कशाचाही उपयोग होत नाही.

परवान्यात काय लिहून घ्यावं

संख्येवर मर्यादा घाला आणि ती वापराला जोडा: दर गाडीमागे रोज सरासरी दोन फेऱ्याही होत नसतील तर गाड्या कमी करायच्या. पडून राहिलेली गाडी म्हणजे फुकट अडवलेली जागा. ओस्लोने २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांच्या मिळून ८,००० स्कूटरींची मर्यादा घातली.

तक्रारीनंतर गाडी हलवायची मुदत दोन तास असावी, फुटपाथवरून उतरायच्या उतारावर किंवा अंधांच्या फरशांवर असेल तर एक तास. मुदत टळली की पालिका उचलेल आणि उचलण्याचा, ठेवण्याचा पूर्ण खर्च कंपनीकडून घेईल, हे स्पष्ट लिहा. नुसता ‘दंड होऊ शकतो’ असा मजकूर कुणी अमलात आणत नाही. पहाटे एका जागी जास्तीत जास्त चार गाड्या उतरवायच्या. प्रत्येक गाडीवर मोठ्या अक्षरांत, हाताला लागणाऱ्या उठावात क्रमांक आणि फोन नंबर हवा. ज्यांना कोड स्कॅन करता येत नाही त्यांनाच या गाड्यांचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

वापरणाऱ्याला पहिल्या चुकीला इशारा, दुसऱ्याला रक्कम, पुढे खातं काही काळ बंद, अशी चढती रचना चालते. चौकोनात लावणाऱ्याला पुढच्या फेरीत थोडी सूट दिली तर त्याहून लवकर सवय लागते.

हे सगळं वेळेत झालं नाही तर काय होतं तेही कंपन्यांसमोर ठेवा. पॅरिसमध्ये २ एप्रिल २०२३ रोजी मतदान घेतलं गेलं. नोंदणीकृत मतदारांपैकी आठ टक्क्यांहून कमी लोक आले, पण आलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्क्यांनी भाड्याच्या स्कूटरी नकोत असं सांगितलं आणि १ सप्टेंबर २०२३ पासून त्या शहरातून गेल्या. भाड्याच्या सायकली राहिल्या.

एक कलम बहुतेक परवान्यांत सुटतं. कंपनी बंद पडली तर गाड्या कोण गोळा करणार? चीनमध्ये २०१७-१८ च्या सुमारास सायकल-भाड्याच्या कंपन्या एकामागोमाग बुडाल्या आणि मैदानंच्या मैदानं सायकलींच्या ढिगांनी भरली. म्हणून परवाना देतानाच प्रत्येक गाडीमागे एक अनामत रक्कम घ्या: उचलणं, वाहून नेणं, बॅटरीची सुरक्षित विल्हेवाट आणि महिनाभराचं गोदाम, एवढ्याची बेरीज. गाड्या वाढल्या की अनामतही वाढली पाहिजे, आणि ती कंपनीच्या खात्यात न राहता पालिकेच्या ताब्यात असली पाहिजे.